आईने न घेतलेलं नाव

सकाळी गाडीपाशी गेले तर काच दिसेना. आख्खी जांभळी. रात्रभरात जॅकरँडाने सगळा बहर आमच्या गाडीवर ओतला होता आणि वरून पावसाची एक सर येऊन तो नीट चिकटेल याचीही सोय झाली होती. मी वायपर लावला, तर लगदा. निखिल, म्हणजे माझा नवरा, पॅरामॅटाच्या ऑफिसला जायला निघाला होता, तो फाटकातूनच ओरडला, "अगं, वायपर नको लावूस, मोटर जाईल!" जाऊ दे मोटर. वर्षातून एकदा हे झाड माझ्यावर डूख धरून असतं, आणि मीही त्याच्यावर.

सिडनीत, कॅसल हिलच्या आमच्या गल्लीत या दिवसांत लोक फोटो काढायला येतात. लग्न ठरलेली जोडपी येतात, कुत्र्यांना टोप्या घालून आणणारे येतात, आपल्याकडच्या नव्या आलेल्या मुली साड्या नेसून झाडाखाली गिरक्या घेतात. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतंच ते. पण मला नोव्हेंबर नकोसा वाटतो. इथल्या युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, परीक्षाही नेमक्या याच दिवसांत असतात. जॅकरँडाचं फूल डोक्यावर पडलं की नापास, अशी पोरांची समजूत, म्हणून चांगली दाढीवाली पोरं झाडाखालून जाताना डोक्यावर बॅग धरतात. मी खूप हसायचे त्यांना. मग एका वर्षी मीही धरली. चाळिशी उलटलेली बाई, एका मुलीची आई, डोक्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन लायब्ररीकडे पळत होते.

त्या वर्षी माझ्यापुढे दोन परीक्षा होत्या. एक माझी, थीसिस सबमिट करायची. दुसरी आईची, आणि ती परीक्षा आहे हे तिला माहीतच नव्हतं. आई बाबांना विसरत चालली आहे का, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं. माझा निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. आईचा लागायला बरीच वर्षं गेली.

थीसिसचा विषय सांगितला की लोक "वॉव" म्हणतात आणि समोसा घ्यायला निघून जातात. मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी मात्र चिकाटीने विचारलं होतं, "पण याचा जॉब कुठे असतो?" मी म्हटलं, कुठेच नसतो. विषय तसा साधा आहे. व्हानुआतूच्या दक्षिणेकडचं एक बेट, तिथली एक भाषा, बोलणारे थोडे. त्या भाषेत गोष्ट सांगताना माणसाचं नाव एकदा घेतलं की पुन्हा पुन्हा घेत नाहीत. मग ऐकणाऱ्याला कसं कळत राहतं की आता कोण बोललं, कोण उठलं, कोण रडलं? आपणही करतोच की असं. उठला, तोंड धुतलं, चहा प्यायला, गेला. कोण? आधी सांगितला तोच. त्यांच्याकडे त्यासाठी क्रियापदाच्या पुढे एक इवलासा आवाज चिकटवतात. अर्थ एवढाच, की मघाचाच माणूस. मध्ये डुक्कर येऊ दे, वादळ येऊ दे, शेजारीण येऊन भांडून जाऊ दे, तो आवाज आला की ऐकणारे परत त्या मूळ माणसापाशी. मला ते इतकं आवडलं होतं की मी त्याच्यापायी चांगली नोकरी अर्धवेळ केली आणि घरात निखिलशी भांडण ओढवून घेतलं.

पुस्तकात ही वाक्यं इस्त्री केलेली असतात. खऱ्या बोलण्यात तसं नसतं. खऱ्या बोलण्यात किटली शिट्टी मारते, कोणीतरी दार आपटतं, सांगणारीला हसू येतं, ती माशी हाकलते, मध्येच इंग्रजीत कुत्र्याला ओरडते आणि पुन्हा गोष्टीत शिरते. ही सांगणारी म्हणजे नेली. लग्न होऊन फार वर्षांपूर्वी सिडनीत आली, आयुष्यभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, आणि आता स्वतः म्हातारी होऊन ब्लॅकटाउनच्या घरामागे अळू लावून बसली होती. अळू म्हणजे साधंसुधं नाही, माणूस झाकला जाईल असं. मी रेकॉर्डर घेऊन तिच्या ओसरीवर बसायचे, मग युनीत येऊन हेडफोन लावायचे आणि एकेका क्रियापदापाशी लिहायचे, हा कोण. हा कोण, हा कोण, हा कोण. दिवसभर तेच.

आई आली सप्टेंबरमध्ये. बाबा त्याच वर्षी मे महिन्यात गेले होते. दादा, माझा पुण्याचा भाऊ, म्हणाला, "तुझ्याकडे ने तिला थोडे दिवस, हवापालट होईल." हवापालट कसली, एअरपोर्टवरून घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत नुसती "रस्त्यावर माणसं कुठायत गं?" एवढंच विचारत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांची अदलाबदल केली आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवली, तेव्हा मला बरं वाटलं.

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. तिच्या पिढीतल्या पुष्कळ बायका घेत नसत, पण हळूहळू सुटलं त्यांचं. बँकेत, पासपोर्ट ऑफिसात घ्यावंच लागायचं. आई तिथेही माझ्याकडे किंवा दादाकडे बघायची आणि आम्ही सांगायचो. लग्नानंतरचे उखाणे तेवढे तिने घेतले असतील, ते आमच्या जन्माआधीचे. आम्ही ऐकलं ते फक्त "हे". हे म्हणाले, हे आले, ह्यांना कारलं चालत नाही. इतकंच नाही, मधालासुद्धा ती आयुष्यभर "मोहोळातलं" म्हणत आली, कारण त्या शब्दाने बाबांचं नाव सुरू होतं. माझी मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला हे भलतंच मजेशीर वाटायचं. टोस्टवर मध लावून आजीपुढे नाचवायची, "आजी, व्हॉट इज धिस? जस्ट से हनी!"

"हनी म्हणेन की! हनी, हनी, हनी. त्यात काय आहे?" आई म्हणायची. मग डोळे मिचकावून, "आता तू मराठीत म्हण बघू." इराला मराठी शब्दच माहीत नव्हता. दोघी मिळून इतक्या हसायच्या की निखिल मीटिंगमधून बाहेर येऊन दार लावून घ्यायचा.

एका शनिवारी मी आईला नेलीकडे घेऊन गेले. दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नव्हती. आईने अळू पाहिलं आणि पायातल्या चपला काढून थेट वाफ्यात शिरली. देठ बघितला, पान उलटं केलं, अंगठ्याने शिरा दाबून पाहिल्या आणि मला म्हणाली, "विचार तिला, खाजतं का हे." मी विचारलं. नेलीने घसा दोन्ही हातांनी धरून डोळे फिरवून दाखवले. आई म्हणाली, "चिंच घालावी लागेल भरपूर." त्या दिवशी आम्ही पिशवीभर पानं घेऊन आलो, आणि पुढच्या शनिवारी आई अळूवड्यांचा डबा घेऊन गेली. नेलीने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग डबा बंद करून सरळ आपल्या फ्रिजमध्ये ठेवला. परत द्यायचं नावच नाही. आईला केवढा आनंद झाला.

त्या आठवड्यात मी अडकले होते. नेलीने तिच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली होती. तो होडी घेऊन पलीकडच्या बेटावर यामाचे कंद आणायला गेला आणि परत आला नाही, ही ती गोष्ट. पण गोष्ट सुरू होते तीच क्रियापदाने, आणि त्याला तो इवला आवाज चिकटलेला. मघाचाच माणूस. अहो, पण मघाचा कोण? मघा तर कोणीच नव्हतं. त्याआधी टेपवर फक्त किटलीची शिट्टी होती. पुस्तकांप्रमाणे असं व्हायला नको. माझी सुपरवायझर पडद्याकडे बोट दाखवून शांतपणे विचारायची, "सो, हू इज ही?" आणि मी म्हणायचे, भाऊ आहे, मला माहीत आहे. "येस, बट हाउ डू यू नो?"

मी नेलीला सरळच विचारलं, तू नाव का नाही घेतलंस? तर ती माझ्याकडे असं बघायला लागली, जशी मी तिच्या ओसरीवर थुंकले. मोठं झाल्यावर बहीण भावाचं नाव घेत नाही, म्हणाली. त्याचं नाव एका माशाचं होतं, तर त्या माशालाही ती "पट्ट्यापट्ट्यांचा" म्हणते. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं कोण ते. ज्यांना ठाऊक नसतं त्यांना गोष्ट सांगायचीच कशाला? मी आईकडे बघितलं. ती वाफ्याच्या कडेला बसून देठ सोलत होती. मी नेलीला सांगितलं, की माझी आई पण नवऱ्याचं नाव घेत नाही, मधाचंसुद्धा नाही. नेलीने हात पुढे करून आईच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. "गुड गर्ल," ती आईला म्हणाली. आईने मला विचारलं, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, तुझं कौतुक करतेय. "देठ सोलायचं त्यात काय कौतुक," आई म्हणाली.

मग ती सकाळ आली. निखिल नेहमीसारखा डबा घेऊन गेला. मी चहा गाळत होते. आई खिडकीशी उभी होती, बाहेर ड्राइव्हवे जांभळा झाला होता. ती म्हणाली, "हे मेट्रोने गेले का गं?"

मी गाळणं तसंच धरून उभी राहिले. निखिलला ती कायम "निखिलराव" म्हणायची. आता समोर नुकताच घरातून गेलेला माणूस, त्याला "हे" म्हटलं तर काय बिघडलं? आदराने कोणालाही म्हणतो आपण. किंवा बिघडलं होतं. मी वळून तिचा चेहरा पाहिला, तर तिथे काहीच नव्हतं, नेहमीचीच आई, दात नसलेल्या बाजूने जीभ फिरवत उभी. मी म्हटलं, "कोण, आई?" ती म्हणाली, "कोण म्हणजे? घरात गडीमाणूस आहे कोण दुसरं?" उत्तर बरोबर होतं. पण धड उत्तरही नव्हतं ते.

एकदा शंका शिरली ना, की माणूस वेडा होतो. मी दिवसभर आईच्या मागे कान लावून फिरू लागले. नाशिकच्या सहलीची गोष्ट तिने इराला सांगितली, त्यात "ह्यांनी गाडी बाजूला घेतली" असं आलं. बाबांना गाडी चालवता येत नव्हती. मग ते कोण? मामा? ड्रायव्हर? मागच्या महिन्यात आम्हाला ब्लू माउंटन्सला नेणारा निखिल? हेडफोनमध्ये नेली, घरात आई, आणि मी दोन्हीकडे हा कोण, हा कोण. रोज नवी युक्ती काढायचे. फॅमिली ट्री काढायचा शाळेचा प्रोजेक्ट आहे म्हणून इराला तिच्याकडे पाठवलं. आईने सगळी नावं सांगितली, पणजोबांपासून. बाबांच्या जागी आली तेव्हा म्हणाली, "हे तुझ्या आईला विचार, तिला पाठ आहे." कुरियरवाल्याला बाबांचं पूर्ण नाव हवंय असं निमित्त केलं, तर मला म्हणाली, "चाळिशी झाली तुझी, बापाचं नाव माहीत नाही होय तुला?" अगं बाई, मला माहीत आहे गं! तुला माहीत आहे का, ते सांग ना! पण हे बोलणार कसं? गेलेल्या नवऱ्याचं दुःख मनात धरून असलेल्या बाईला कोणी असं विचारतं का? आणि समजा विचारलं, आणि ती गप्प राहिली, तर पुढे मी काय करणार होते?

शेवटी जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, सुचवलं म्हणून मेमरी तपासायला घेऊन गेले. नर्स गोड होती. मला म्हणाली, तू बस, पण प्लीज मदत करू नकोस. दुभाष्या फोनवर होता, स्पीकर लावलेला, आणि त्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तपासणी सुरू व्हायच्या आत आईनेच त्याची तपासणी घेतली. "तुम्ही कुठले?" "मूळ सांगलीचा, आजी. आता मेलबर्नला, ट्रुगानिना." "लग्न झालंय?" नर्स घड्याळाकडे बघायला लागली.

मग प्रश्न. आज वार कुठला, सांगितला. शंभरातून सात वजा करत चला, तिने माझ्याआधी वजाबाकी केली. आता ऋतू कुठला? आई म्हणाली, "दिवाळी होऊन गेली, म्हणजे हिवाळा." दुभाष्याने प्रामाणिकपणे "विंटर" सांगितलं. बाहेर रणरणतं ऊन, झाडावर सिकाडा किडे किर्र करत होते, आणि नर्सने खालमानेने काहीतरी लिहिलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. या देशाचा पंतप्रधान कोण? "कुठल्या देशाचा?" आईने विचारलं, आणि मला वाटलं, शाबास.

"तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

आईने पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं, बँकेत बघायची तसंच. मी मान खाली घातली, कारण मला तसं बजावलं होतं. स्पीकरमधून सांगलीकर म्हणाला, "आजी, नाव विचारतायत. उखाण्यात घेता का हवं तर?" आई हसली. "आता कसले उखाणे, वय झालं," म्हणाली. तो बिचारा काय करणार, त्याला जे घडलं तेवढंच सांगायचं होतं. "शी इज नॉट सेइंग, मॅम," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी नर्सला सगळं सांगितलं. आमच्यात अशी पद्धत असते, जुन्या बायका नाव घेत नाहीत, हा विसराळूपणा नाही. जरा तावातावानेच सांगितलं असेन. तिने नीट ऐकून घेतलं. "नो वरीज, आय विल मेक अ नोट," म्हणाली, आणि मग सहज विचारल्यासारखं, "बट डू यू थिंक शी नोज इट?" मला हो म्हणायचं होतं. मी वळून आईकडे पाहिलं. आई पुढे जाऊन बागेतल्या बाकावर बसली होती, पडलेली जांभळी फुलं एकेक उचलून मांडीवर ठेवत होती.

त्या शनिवारी मी नेलीकडे रडले. एकटीच गेले होते. ती म्हणाली, थांब. तिने व्हानुआतूला चुलत भावाला फोन लावला, त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि फोन माझ्या हातात देऊन स्वतः स्वयंपाकघरात निघून गेली. पलीकडून त्या माणसाने तिच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. स्वच्छ, मोठ्याने. मी दारातून आत पाहिलं, तर नेली ओट्याकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती, आणि तिची मान खाली गेली होती. थोड्या वेळाने आली आणि म्हणाली, आता लिहून घे तुझ्या कामासाठी. मग म्हणाली, तुझ्या आईसमोर तू घेऊन बघ नाव. तोंडाने काही सांगावं लागणार नाही तिला. तुला दिसेलच.

रविवारची दुपार होती. निखिलचं डोकं दुखत होतं, तो आत गोळी घेऊन झोपला होता. आई टेबलाशी अळूच्या पानांना बेसन फासत होती. मी समोर बसले, एक पान ओढलं, आणि शीर लाटताना बाबांचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळेतल्या हजेरीत घ्यावं तसं. माझ्याही तोंडून ते इतकं उघडं कधी निघालं नव्हतं.

आईचा हात थांबला. चेहरा मानेपासून वर लाल होत गेला, लग्नातल्या फोटोत आहे तसा. बेसनाचा हात तसाच उचलून तिने मनगटाने पदर डोक्यावर ओढला. "कार्टे!" ती दबक्या आवाजात म्हणाली, "बापाचं नाव घेतेस? लाज नाही वाटत?" मी हसायला लागले, रडायलाही लागले. आहे! सगळं आहे तिच्याकडे, जागच्या जागी, माझ्या जन्माआधीपासून जपलेलं. मी उठून तिच्या गळ्यात पडणार तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू. हळू बोल," आई म्हणाली. "हे आत झोपलेत."

मी परत खाली बसले. आत निखिल झोपला होता, हे खरंच होतं. त्याच्या घोरण्याचा आवाजही येत होता. आम्ही दोघी बराच वेळ पानांवर पानं लावत राहिलो, गुंडाळत राहिलो. वड्या छान झाल्या होत्या त्या दिवशी. इरा म्हणाली, यम.

जानेवारीत आई परत गेली. एअरपोर्टवर मला मिठी मारून म्हणाली, "ते थीसिस का काय, पूर्ण कर. ह्यांना फार कौतुक आहे तुझं." आहे म्हणाली. होतं नाही. मी तेवढंच धरून पार्किंगपर्यंत आले. थीसिस पास झाला, आता शेल्फवर आहे, निखिलने त्यावर वायफायचा राउटर ठेवलाय. नेली दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या भावाच्या गोष्टीला मी जो शेवटचा परिच्छेद लिहिला होता, त्यात एवढंच म्हटलं होतं, की काही माणसं सांगणाऱ्याच्या मनात आधीपासून असतात, त्यांना गोष्टीत आणावं लागत नाही. सुपरवायझरने समासात टिक केली होती. अळूचा एक गड्डा नेलीने मला दिला होता, तो अंगणात फोफावलाय, पण मला अजून चिंचेचा अंदाज येत नाही. घसा खवखवतोच.

आई कोथरूडला दादाकडे असते. रविवारी व्हिडिओ कॉल. आताशा ती फार बोलत नाही. आधी मसाल्यांच्या वाट्यांबद्दल बोलायची, मग फक्त जेवलीस का, मग नुसतं हसणं. "हे" मात्र असायचं. हे बाहेर गेलेत, ह्यांनी सांगितलंय, ह्यांचा चहा राहिला. दादा चिडायचा, "आई, बाबा जाऊन किती वर्षं झाली!" मी त्याला म्हणायचे, राहू दे रे. ते एक चालू आहे तोवर मला पुरे होतं. कोण आला, कोण गेला, तिच्या बोलण्यात सगळी माणसं एकमेकांत मिसळली होती, पण मघाचाच माणूस अजून तिथे होता.

कालच्या रविवारी फोन केला तेव्हा मी अंगणात होते. झाड फुललंय ते दाखवावं म्हणून कॅमेरा वर केला. ती म्हणायची ना तेव्हा, माझ्या इरकलीचा रंग आहे गं अगदी. दादाने तिच्यापुढे फोन धरला होता. तिने झाडाकडे पाहिलं नाही. तिच्या बाजूच्या भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो आहे, ती त्याच्याकडे बोट दाखवत होती, घरी आलेल्या पाहुण्याला माहिती द्यावी तसं.

"हा मधुकर," आई म्हणाली. "मधुकर विनायक. गणित शिकवायचा शाळेत. चांगला होता म्हणतात."

अडखळली नाही. पदराकडे हात गेला नाही. आवाज सरळ, कोरडा, वाचून दाखवल्यासारखा. "हे" नव्हतं, "हा" होता.

"ऐकलंस?" दादा ओरडलाच. फोन हलत होता, त्याचं अर्धं तोंड दिसत होतं, डोळे भरलेले. "ऐकलंस ना? नाव घेतलं! पूर्ण नाव! कालपासून सगळ्यांना सांगतेय, कामवाल्या मावशींना पण. तुझी वहिनी तर म्हणाली, गोळ्या लागू पडल्या. मी डॉक्टरांना मेसेजसुद्धा केला. किती दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं गं!"

इतका मोकळा आवाज मी त्याचा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. रोज तो करतो तिचं सगळं, आंघोळीपासून. मी काय सांगणार होते त्याला?

"हो रे," मी म्हटलं, "किती छान."

कॅमेरा अजून झाडाकडेच होता, त्यामुळे त्याला माझं तोंड दिसलं नाही.